कोकणातल्या घरगुती वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसर: किती मोठा, कुठे ठेवायचा आणि पाण्याचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणकडे घरामागच्या पडवीत, १० बाय १४ फुटांच्या जागेत, सुतारकाम चालतं. फर्निचरला मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारायचं आहे, पिन गन चालवायची आहे, शिवाय फुंकून साफसफाई आणि अधूनमधून गाडीची चाकं. घराला सिंगल फेज आहे. २ एचपी, ५० लिटरचा कॉम्प्रेसर पुरेल का, आणि भिंतीवरून पीव्हीसी पाईप फिरवला तर चालेल का?

पीव्हीसीचं आधी सांगून टाकतो: नाही. यूपीव्हीसी नाही, सीपीव्हीसीही नाही. पाईपवर ‘१० किलो’ (दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) छापलेलं असतं ते थंड पाण्यासाठी. पाणी दबत नाही, त्यामुळे पाण्याचा पाईप फुटला की चीर पडते, जमीन ओली होते आणि विषय संपतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. कॉम्प्रेसरची ऊब, तेलाची वाफ आणि रोजची थरथर यांनी प्लॅस्टिक दोनचार वर्षांत ठिसूळ होतं, मग एखादा एल्बो फुटतो आणि त्याचे तुकडे खोलीभर उडतात. पाण्याच्या लाईनी टाकणारा प्लंबर ‘काही होत नाही’ म्हणेल. पहिल्या दिवशी खरंच काही होत नाही.

आता आकार. दुकानदार एचपी आणि लिटर सांगतो. तुम्हाला हवा असतो तिसरा आकडा, एफएडी, म्हणजे पंप दर मिनिटाला प्रत्यक्षात किती मोकळी हवा देतो तो. पत्रकावरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. सिलिंडरचा आकार गुणिले फेरे, एवढाच तो हिशोब. सिंगल स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात हवा दाबणाऱ्या पंपात त्यातली ६० ते ७० टक्केच हवा बाहेर पडते. २ एचपीच्या बेल्टवाल्या पंपावर ७ ते ८ सीएफएम लिहिलेलं असेल तर प्रत्यक्षात ५ सीएफएमच्या आसपास धरा. १ सीएफएम म्हणजे २८ लिटर, तेव्हा हातात मिनिटाला साधारण १४० लिटर.

हे १४० लिटर कुठे खर्च होणार? पिन गनला जवळजवळ काहीच लागत नाही. ती चालवायला सगळ्यात लहान मशीनही पुरतं. चाकांचे नट सोडवणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला ७ किलो प्रेशरवर मिनिटाला ११० ते १४० लिटर लागतात, पण ते काही सेकंदांचंच काम. खरा खादाड म्हणजे स्प्रे गन. साधी १.४ मिमी नोझलची ग्रॅव्हिटी गन २०० लिटरच्या आसपास घेते, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) ३०० ते ४०० घेते, आणि एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) १०० ते १३० मध्ये भागवते. म्हणून आधी गन ठरवा, मग कॉम्प्रेसर. एचव्हीएलपीच हवी असेल तर २ एचपी विसरा. ३ एचपीसुद्धा जेमतेम २२० लिटर देतो, म्हणजे त्यालाही थांबत थांबतच काम करावं लागेल. घरच्या सिंगल फेजवर ३ एचपी सुरू करणं हा आणखी एक त्रास. तुमच्या कामाला २ एचपी आणि एलव्हीएलपी गन ही जोडी बरोबर बसते.

पिस्टन कॉम्प्रेसर सतत चालवण्यासाठी नसतो. दहा मिनिटांत पाच-सहा मिनिटं चालावा, बाकी वेळ थंड व्हावा. एलव्हीएलपीचा ट्रिगर निम्मा वेळ दाबलेला धरला तर सरासरी ६० लिटर लागतील, म्हणजे मशीन निम्म्याहूनही कमी वेळ चालेल. साध्या गनला तेच काम ७० टक्के वेळ खातं. तेही चालेल, पण हेड तापेल, आणि तापलेली हवा जास्त पाणी पुढे नेते.

टाकीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: मोठी टाकी म्हणजे जास्त हवा. टाकी हवा बनवत नाही, साठवते. ९० लिटरची टाकी ८ किलोवरून ६ वर उतरताना १८० लिटर मोकळी हवा देते. एचव्हीएलपीसारख्या ३५० लिटरच्या गनला पंपाकडून १४० मिळत असतील तर दर मिनिटाची तूट २१० लिटर. साठा मिनिटभरही टिकत नाही. तरीही ५० ऐवजी ९० किंवा १०० लिटर घ्या, कारण वेगळं आहे: मोटर कमी वेळा चालू-बंद होते आणि हवेला टाकीत थंड व्हायला वेळ मिळतो. दोनशे लिटरच्या वर जायची गरज नाही. ती भरेपर्यंत २ एचपीचा पंप तापून लाल होतो.

पंप कास्ट आयर्नचा, बेल्टवाला घ्या. डायरेक्ट कपल मशीन २८०० फेऱ्यांनी धावतं, स्वस्त आणि हलकं असतं, पण कानठळ्या बसवतं आणि लवकर झिजतं. बेल्टवाला ७०० ते १००० फेऱ्यांत तेच काम करतो. ऑइल-फ्री ‘सायलेंट’ मशीन पिन गनला आणि फुंकायला सुरेख, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तर तेच योग्य, पण रोज पॉलिश मारायला नाही.

फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि गॅस सिलिंडरची टाकी हा जुगाड व्हिडिओत छान दिसतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मिनिटाला फार थोडी हवा देतो आणि तेल फेकतो. एअरब्रशच्या पलीकडे त्याचा उपयोग नाही. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, त्याच्या बुडाला पाणी काढायचा ड्रेन नसतो, आणि आतला गंज बाहेरून दिसत नाही. ५० लिटरच्या टाकीत ८ किलोला साधारण ५० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. हजार किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटरने धावताना तिच्यात तेवढीच असते. जुनी टाकी घेणार असाल तर हायड्रो टेस्ट करून घ्या, म्हणजे पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर. वेल्डिंगचं ठिगळ असलेली टाकी फुकट मिळाली तरी नको.

वीज

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १० ते १२ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाचपट. ‘सुरूच होत नाही, नुसती घूं घूं करते’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. समजा डीबीपासून (घरातल्या फ्यूज-स्विचच्या पेटीपासून) पडवी २० मीटर लांब आहे आणि वायर १.५ चौ. मिमीची. जाऊन-येऊन रोध अर्धा ओहम होतो. ५० अँपिअरला २४ व्होल्ट वायरमध्येच जातात. संध्याकाळी घरात २०० व्होल्ट असतील तर मोटरला १७६ मिळाले. टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे २३० व्होल्टला मिळतो त्याच्या ६० टक्क्यांहूनही कमी उरला. तीच वायर ४ चौ. मिमीची केली तर घट ९ व्होल्टवर येते. म्हणून डीबीपासून थेट वेगळी ४ चौ. मिमी तांब्याची लाईन, तिला २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा ब्रेकर) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा). मोटरला ओव्हरलोड रिले असलेला डीओएल (थेट लाईनवर सुरू करणारा) स्टार्टर लावा आणि प्रेशर स्विचकडून, म्हणजे दाब बघून मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचकडून, त्याची कॉइल चालवा, म्हणजे स्विचचे पॉइंट जळत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड नको. लांबी कमी पडली तर वायर वाढवू नका, हवेचा पाईप वाढवा. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा बघून घ्या.

जागा

कॉम्प्रेसर स्प्रेच्या जागेत ठेवू नका. प्रेशर स्विच दर वेळी ठिणगी टाकतो आणि थिनरची वाफ जड असल्याने जमिनीलगत, नेमकी मशीनच्या उंचीला, पसरते. शिवाय तीच वाफ आणि लाकडाचा भुसा पंप आत ओढतो. पडवीच्या बाहेरच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली, जाळी असलेल्या हवेशीर कोपऱ्यात ठेवणं उत्तम. पूर येणारा सखल भाग असेल तर उंच ओट्यावर. फ्लायव्हीलचे पंखे हवा सिलिंडरवर फेकतात, म्हणून त्या बाजूने भिंतीपासून दीड फूट मोकळं हवं. फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे ना ते पाहा. उलटी फिरली तरी हवा भरते, पण पंप थंड होत नाही. आवाजासाठी बंद पेटीत कोंडलं तर त्याच उन्हाळ्यात पिस्टनच्या रिंगा जातील. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, तेव्हा रात्री मशीन बंदच ठेवा.

पायाखाली जाड रबरी पॅड द्या. बोल्ट लावायचे तर हलके ठेवा. पाय काँक्रीटला करकचून आवळले की थरथर टाकीच्या वेल्डिंगवर येते आणि पायापाशी तडा जातो. टाकी ड्रेनच्या बाजूला किंचित कलती ठेवा. टाकी ते पाईप हा पहिला अर्धा मीटर लवचिक होजचाच असावा.

पाणी

कोकणात हा विषय निम्मं काम आहे, आणि पैसेही इथे घालायचे. पावसाळ्यात ३० अंशाला ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत २६ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. १४० लिटर प्रति मिनिट म्हणजे तासाला ८.४ घनमीटर. ती हवा ८ किलोला दाबली की तिची जागा नवव्या हिश्श्यावर येते आणि ३५ अंशाला त्या एवढ्याशा जागेत जेमतेम साडेचार ग्रॅमच मावतात. उरलेले २१ ग्रॅम बाहेर पडतात. मशीन सलग तासभर चाललं तर १८० मिली पाणी. ते टाकीत, पाईपमध्ये नाही तर तुमच्या टेबलाच्या फळीवर पडणार. कुठे पडायचं ते तुम्ही ठरवायचं.

पाणी निघतं ते हवा थंड झाल्यावर. गरम हवेत ते वाफेच्या रूपात फिल्टरमधून आरामात निघून जातं आणि दहा फूट पुढे होजमध्ये थेंब बनतं. कॉम्प्रेसरच्याच तोंडाशी फिल्टर लावणं ही म्हणूनच सगळ्यात सर्रास होणारी चूक. आधी थंड करा, मग गाळा.

थंड करायला पंपाचं तोंड आणि टाकीवरचा चेक व्हॉल्व्ह (हवा पंपाकडे परत न जाऊ देणारा) यांच्यामध्ये ५ ते ६ मीटर तांब्याची १५ मिमी नळी नागमोडी घालून, फ्लायव्हीलच्या वाऱ्यात बसवा. इथे हवा शंभर अंशांच्या वर असते, त्यामुळे पीयू ट्यूब किंवा रबरी होज नको. नळीचा उतार सगळीकडे टाकीच्या दिशेने ठेवा, मध्ये खोलगट वळण राहिलं तर तिथे पाणी साचून पंपाला दणके देतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही नळी चेक व्हॉल्व्हच्या आधी असल्याने मशीन बंद होताना अनलोडरला, म्हणजे पंपात अडकलेला दाब सोडणाऱ्या झडपेला, तेवढी जास्त हवा सोडावी लागते. ‘फुस्स’ पूर्वी एक सेकंद व्हायचं ते आता तीन सेकंद होईल. हा बिघाड नव्हे.

दुसरी युक्ती फुकटची आहे. टाकीत दाब पूर्ण ८ किलो ठेवा आणि गनच्या जवळ कमी करा. टाकीतून निघणारी हवा पाण्याने संपृक्तच असते. थेंब गाळून तिला ८ वरून ३ किलोवर आणलं की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते. रेग्युलेटर टाकीवरच लावला तर हा फायदा पाईपमध्ये वाया जातो, शिवाय पाईपमधला दाब कमी होऊन वेग वाढतो आणि थेंब वाहत पुढे जातात.

टाकीखालची ड्रेनची छोटी कळ काढून तिथे पाव इंची बॉल व्हॉल्व्ह आणि बाहेरपर्यंत नळी लावा. वाकून मशीनखाली हात घालावा लागला तर कोणी रोज पाणी काढत नाही.

पाईप

या खोलीला ६ ते ८ मीटर पुरे. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप), बी क्लास म्हणजे निळ्या पट्ट्याचा, स्वस्त आहे आणि गावातला कोणताही फिटर आटे पाडून देतो. पाऊण इंची घेतला तर हवा आणखी थंड होते. काही वर्षांनी आतून गंजाची भुकटी सुटते, पण पुढे फिल्टर असतोच. अॅल्युमिनियमचे जोडपाईप सुंदर, गंजत नाहीत, महाग पडतात. १२ मिमी पीयू ट्यूब आणि पुश फिटिंगवर सगळी लाईन टाकता येते, पण तिचं आतलं भोक ८ मिमीच असतं आणि तिच्यात हवा थंड होत नाही. ती शेवटच्या जोडणीला ठेवा.

मुख्य पाईप कॉम्प्रेसरपासून दूर उतरता, दर मीटरला एक सेंटिमीटर. प्रत्येक फाटा टीच्या वरच्या तोंडातून काढून, उलट्या यूसारखा वळवून खाली आणा. पाणी पाईपच्या तळातून वाहतं, वरून काढलेल्या फाट्यात शिरत नाही. शेवटच्या टोकाला पाईप सरळ खाली उतरवून तळाशी बॉल व्हॉल्व्ह द्या. दोनतीन ठिकाणी युनियन (मधूनच सोडवता येणारा जोड) टाका, नाहीतर पुढे एक टी बदलायला सगळी लाईन उघडावी लागेल. टेफ्लॉनचे पाच-सहा वेढे पुरतात, पहिला आटा मात्र मोकळा सोडा. तिथली टेप तुटून थेट गनच्या सुईत अडकते.

टोकाला क्रम असा: बॉल व्हॉल्व्ह, ५ मायक्रॉनचा फिल्टर, तेल पकडणारा कोअॅलेसिंग फिल्टर, रेग्युलेटर, मग क्विक कपलर. पावसाळ्यात पीयू मारायचंच असेल तर गनच्या आधी सिलिका जेलचा ड्रायर. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशाला भाजून पुन्हा वापरता येतात. लुब्रिकेटर, म्हणजे हवेत तेल सोडणारं भांडं, या फाट्यावर अजिबात नको. इम्पॅक्ट रेंचला तेल लागतं, तर त्यात थेट चार थेंब टाका आणि त्याचा होज वेगळ्या रंगाचा ठेवा. तेल लागलेला होज गनला एकदा जरी लावला तरी फळीवर माशाच्या डोळ्यासारखे खळगे उठतात. फिल्टरचं प्लॅस्टिकचं भांडं थिनरच्या वाफेने तडकतं, म्हणून धातूचं कवच असलेलं घ्या.

गनचा होज आतून ८ मिमीचा तरी हवा. गुंडाळी होणारा निळा पीयू होज दिसायला सुटसुटीत, पण त्याचं भोक ५ मिमी असतं, तो फुंकणीला ठेवा. दाब नेहमी ट्रिगर दाबून लावायचा. बंद गनवर ३ किलो दिसतात ते ट्रिगर दाबल्यावर सव्वादोन होतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो.

पहिला दिवस

पंपाच्या क्रँककेसमध्ये (खालच्या तेलाच्या पेटीत) कॉम्प्रेसर ऑइल, आयएसओ व्हीजी १००, काचेच्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत. गाडीचं २०डब्ल्यू४० ओतू नका, त्याचा व्हॉल्व्हवर कार्बन बसतो. टाकीचा ड्रेन उघडा ठेवून वीस मिनिटं विनाभार चालवा. मग ड्रेन बंद करून टाकी ० ते ८ भरू द्या.

आता दुकानदाराचा आकडा तपासायची वेळ. ९० लिटरची टाकी ४ किलोवरून ७ वर जायला ३ गुणिले ९० म्हणजे २७० लिटर हवा लागते. एक मिनिट ५५ सेकंद लागले तर पंप १४० लिटर देतो. तीन मिनिटं लागली तर ९०, आणि मशीन परत करण्याजोगं आहे. ही वेळ तारखेसह टाकीवरच लिहून ठेवा. दोन वर्षांनी रिंगा झिजल्या की हाच आकडा सांगेल.

प्रेशर स्विच ८ ला बंद आणि ६ ला चालू व्हावा. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या वर, ९ किलोच्या आसपास उघडणारा असतो. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून पाहा. तो गळतो म्हणून प्लग मारणारे लोक आहेत, तसं करू नका. नवा बसवा. गळती मोजायला लाईन भरून मशीन बंद करा: दहा मिनिटांत दाब १ किलो उतरला तर मिनिटाला ९ लिटर वाया जातात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजलं की गळती टाकीत आहे की पाईपमध्ये ते कळतं. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. दोषी बहुधा क्विक कपलर निघतो.

काय बिघडतं

मशीन थांबल्यावर प्रेशर स्विचखालून हवा फुसफुसतच राहिली तर स्विच बदलू नका. चेक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. टाकी रिकामी करून तो उघडा आणि पुसा. थांबताना ‘फुस्स’ झालंच नाही तर अनलोडर अडकलाय, आणि पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध उचलायचा प्रयत्न करून घूं घूं करेल. अनलोडर ठीक, व्होल्टेज ठीक, तरी घूं घूं, तर स्टार्ट कॅपॅसिटर गेला. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी झुकावा. जास्त ताणला तर बेअरिंग खातो. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, मशीन फार थोडा थोडा वेळ चालून गरमच होत नाही. पहिलं तेल ५० तासांनी बदला, नंतर दर ३०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

रंगातला दोष मात्र नीट ओळखा, कारण सगळ्याचं खापर कॉम्प्रेसरवर फुटतं. सुटे खड्डे किंवा ठिपके, तर पाइपातलं पाणी. गोल खळगे आणि मध्ये उघडं लाकूड, तर तेल. पीयूमध्ये बारीक बुडबुडे, तर हार्डनरला ओल लागली. आणि मेलामाइनचा सगळा थरच धुरकट पांढरा पडला, तर कॉम्प्रेसरचा दोष नाही. थिनर उडताना फळी थंड होते आणि खोलीतलीच दमट हवा तिच्यावर बसते. त्याला ड्रायर कितीही लावा, फरक पडणार नाही. हळू उडणारा रिटार्डर थिनर घाला किंवा पाऊस उघडेपर्यंत थांबा.

दिवसाचं काम संपलं की मेन बंद करा, टाकीतलं पाणी काढा आणि जून ते सप्टेंबर ड्रेन रात्रभर उघडाच ठेवा.